सुई कुणाला दिसली?

"ओवली! बाईंनी सुई ओवली!"

सभागृहातली दीडशे माणसं ताडकन उठली. मंचावर माझी धाकटी बहीण बसली होती, डोळ्यांवर भलंमोठं काळं यंत्र बांधून. दोरा नेढ्यातून आरपार गेला होता.

तिला काचबिंदू आहे. तीस वर्षं माझ्या शिवणखोलीत हातानं काजं करणारी बाई, पण गेलं वर्षभर सुई ओवायला माझ्या सुनेला हाका मारते. आमच्या धंद्यात डोळ्यांची परीक्षा एकच: सुई ओवली की डोळे बरे. ती रडली. खोटं कशाला बोलू, मीही रडले.

मंचावरचा माणूस स्वतःला दृष्टिगुरू म्हणवत होता. अंगात पांढरा कोट. डॉक्टरचा नव्हे, नुसताच पांढरा.

"मातांनो, यंत्राचे किरण झोपलेली नस जागी करतात! एकवीस बैठका. तोवर डोळ्यांत औषधाचा थेंब घालायचा नाही, थेंबानं किरण माघारी फिरतात!"

"पण हे यंत्र आता बनत नाही म्हणे?" मागून कुणीतरी विचारलं.

"बनत नाही कसं? बंद पाडलं! डॉक्टरांची दुकानं उठली असती ना! जगात उरलीत मोजकी. उद्या हेही मिळणार नाही. आजच नाव नोंदवा!"

मी मनात म्हटलं, म्हणजे माल खपला नाही म्हणून बनवणं थांबलं, तर तोही चमत्कारच. माझ्या खोलीतली सगळी मशिनं विकली तरी येणार नाही असलं महागडं डबडं घेणार कोण?

बहिणीनं तिथंच नाव नोंदवलं आणि पुढचे नऊ दिवस काचबिंदूचे थेंब घातले नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, थेंब फक्त उरलेली राखतात. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कापड बेतताना दोनदा कात्री भलतीकडे गेली.

"अक्का, तुला माझं बरं झालेलं बघवत नाही."

"बरी झालीस, तर सकाळी दाराच्या चौकटीला खांदा कसा आपटलास?"

"बैठका पुऱ्या व्हायच्यात अजून."

दहाव्या दिवशी मी तिच्यासोबत गेले आणि थेट मंचावर चढले. "आधी मला बसवा."

"पण माताजी, तुम्हाला तर आजार नाही."

"मग तुमचं काय बिघडतंय?"

लोक हसले. त्याचा नाइलाज झाला.

मी माझा जवळचा चष्मा काढला. तो नसला की मला सुई दिसतच नाही. यंत्र चढवलं. जड इतकं, की नाकावर इस्त्री ठेवल्यासारखं वाटलं. समोर तेच सभागृह, पण लख्ख. सुई दिसली, पहिल्या झटक्यात ओवली.

"बघा! यांचेही डोळे उघडले!"

"मिटले कधी होते रे?"

यंत्र सावरायला हात वर नेला, तर अंगठा पुढच्या काचेवर पडला आणि अर्धं सभागृह काळं झालं. असं आहे होय! मी ते उतरवलं, बहिणीला बांधलं आणि पुढच्या सगळ्या काचांवर पदराची घडी दाबून धरली.

"काय दिसतंय?"

"अंधार. अक्का, दिवे गेले का गं?"

दिवे चालू होते. तिचे डोळेही आत उघडेच होते.

"ऐका," मी लोकांना म्हणाले. "हिचे डोळे बाहेर बघतच नाहीत. पुढे कॅमेरे आहेत. ते चित्र घेतात आणि आतल्या पडद्यावर मोठं, उजळ करून दाखवतात. नाकाला टीव्ही बांधलाय, दुसरं काही नाही!"

"श्रद्धा नसेल तर किरण..." गुरू पुटपुटला.

"श्रद्धा तिला माझ्या दसपट आहे. अंधार तिलाच दिसला."

तिथूनच तिला दवाखान्यात नेलं. डोळ्यांतला दाब वाढला होता. कडेची थोडी नजर गेली, कायमची. डॉक्टर म्हणाले, "यंत्र वाईट नाही. अंधुक दिसणाऱ्याला कधीतरी आधार देईलही. कंपनी पुढे ते बनवेल की नाही, कोण जाणे. पण आजार त्यानं बरा होत नाही."

बहिणीनं मान मागे टाकली. "घाल, अक्का." मी थेंब घातला. बराच वेळ ती डोळे मिटून बसली होती. तिच्याकडे बघताना मला माझाच राग आला, नऊ दिवस मी नुसती कुरकुरत राहिले म्हणून.

तुम्ही तसं करू नका. कुणी थेंब बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टर गाठा. यंत्र टिको न टिको, तुम्ही घ्या, नका घेऊ. पण कुणी "बरं केलं" म्हणालं, तर ते डोळ्यांवरून उतरवा आणि चारचौघांत विचारा: आता दिसतंय का?