एकच काळं फडकं

पलसाण्यातल्या मिलसमोरच्या चाळीपुढे संध्याकाळी शे-दीडशे माणसं जमली होती आणि कुंदनबापू भगताचा आवाज टिपेला पोचला होता. सकाळी त्याने स्वतःच्या हाताने बारा दारांवर बारा पांढरी फडकी बांधली होती. चाळीतल्या पोरांना खोकल्याने पछाडणारी डाकीण ज्या खोलीत असेल, तिथलं फडकं काळं पडणार, असं त्याचं सांगणं. आता त्याने एकेक फडकं सोडून सगळ्यांसमोर झटकलं. अकरा पांढरी निघाली. एकट्या आनंदीचं काळंकुट्ट राहिलं.

लोकांनी तिला केसांना धरून ओट्यावरून खाली ओढलं. पहिली काठी मनगटावर बसली, दुसरी तोंडावर. रोज तिच्याकडे पोर ठेवून कामाला जाणाऱ्या बायाही लाथा घालत होत्या. बापू सांगत होता, सात डाकिणी बाटलीत भरल्यात, ही आठवी. बाटली चांगलीच ऐसपैस असावी.

नागनाथ गर्दीत गप्प उभा होता आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती. तो समोरच्या मिलमध्ये थर्मोपॅक नावाच्या भट्टीवर कामाला होता. या भट्टीतली आग कापडाला शिवत नाही. ती नळ्यांतलं तेल तापवते आणि त्या उष्णतेवर कापड सुकतं. तिची काजळी बाराही दारांवर सारखीच पडते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग एकच फडकं काळं कसं?

तो घुसला. काठी बसून भुवई फुटली, तरी त्याने आनंदीचं फडकं हिसकावलं. बोटांना चिकट लागलं. हुंगलं, तर खोबरेल तेल.

त्याने चाळीच्या पत्र्यावरची मूठभर काजळी खरवडून एका पांढऱ्या फडक्यावर टाकली आणि झटकलं. फिकट डाग तेवढा राहिला. मग बापूच्या दिव्यातलं तेल त्याच्याच उपरण्यावर ओतून दुसरी मूठ फेकली. बापू झटकत राहिला, उपरणं काळंच.

"आता सांगा, डाकीण कोन?" नागनाथने विचारलं.

काठ्या बापूकडे वळल्या. दोन बसताच त्याने कबूल केलं: आनंदी धुराची तक्रार करायला निघाली होती, म्हणून मिलच्या मुकादमाने त्याला आणलं होतं. नागनाथ मधे आडवा आला.

"ह्याला पोलिसात द्या. मारायचंच तर मला मारा. भट्टीत ठरलेलाच कोळसा जाळायचा, धूर गाळूनच सोडायचा, असा नियम हाय. मुकादम गाळणी बंद ठिवतो, चिंध्या नि प्लास्टिक टाकायला लावतो. टाकतो मीच. तुमच्या लेकरांचा खोकला माझ्या हातचा हाय."

कुणी हात उगारला नाही. आनंदी भिंतीला टेकून बसली होती, मनगट लोंबत होतं, ओठातून रक्त गळत होतं.

"मला इतकं मारलं," ती म्हणाली, "कुनाच्या लेकराचा खोकला थांबला?"

या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याजवळ असेल, त्याने खुशाल काठी उचलावी. बाकीच्यांनी मिलच्या फाटकावर जाऊन आत काय जळतंय ते विचारावं.