मुका हॉर्न

गोदामातल्या फोर्कलिफ्टवाल्याने अकरा वर्षांत कुणाला साधा धक्का लावला नव्हता. आणि लावला तो नेमका सख्ख्या मेहुण्याला. गाडी मागे घेताना वाजणारा हॉर्न महिनाभर मुका होता. मेहुणा पाठमोरा उभा राहून खोकी मोजत होता. मागचं चाक पावलावरून गेलं, दोन हाडं मोडली.

दवाखान्यात प्लास्टरकडे बघत मेहुणा म्हणाला, "दाजी, मी तुमच्या घरात राहतो त्याचा एवढा त्रास होता, तर तोंडानं सांगायचं. आता दीड महिना हलत नाही."

दाजी मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात मॅनेजर कागद घेऊन आले: 'अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, कंपनी जबाबदार नाही.' दाजींनी पेन उघडलंसुद्धा.

"थांबा," शेजारी उभी असलेली दाजींची बायको म्हणाली. "दुधाची पिशवी घेताना तारीख चारदा वाचता. हा कागद एकदा तरी वाचा." मग ती मॅनेजरकडे वळली. "हॉर्न बंद असल्याचं यांनी तक्रारवहीत तीनदा लिहिलंय. रोज घरी तेच ऐकून माझे कान किटले. खाली 'पाहिले' म्हणून सही कोणाची?"

मॅनेजरांना अचानक दुसरं काम आठवलं.

आठवड्याने चौकशीला सरकारी अधिकारी बाई आल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी होणार, असंच गोदामात सगळे धरून चालले होते. बाईंनी वही शांतपणे वाचली आणि दाजींना विचारलं, "चूक कोणाची?"

"मागे वळून बघितलं नाही, ही माझी."

कुबड्यांवर उभा मेहुणा कुजबुजला, "दाजी, जरा कमी बोला."

"पण महिनाभर मुकी गाडी चालवायला लावली," दाजी पुढे म्हणाले, "ती माझी नाही."

निकाल लागला. उपचाराचा खर्च, बुडालेला पगार आणि भरपाई कंपनीने द्यायची. दाजींना लेखी ताकीद. महिनाभर न मिळालेला हॉर्न त्याच दुपारी मिळाला.

ताकीद मिळूनही दाजींना हलकं वाटत होतं. संध्याकाळी मेहुण्याला पाठुंगळीला घेऊन ते जिना चढू लागले.

"सावकाश, दाजी. माल नाजूक आहे."

"माल नाजूक नाही, जड आहे," दाजी म्हणाले, आणि दुसऱ्या मजल्यावर दोघंही पायरीवर बसून पोट धरून हसले.