पिवळ्या रंगाखालची माती

सहाशे चौदा नंबरची हरकत तिनं पहिल्याच दिवशी ‘इतर’ या रकान्यात टाकून दिली होती. टेबलावर अकराशे चाळीस हरकतींचे गठ्ठे, सुनावणी नऊ दिवसांवर, आणि प्रत्येक अर्जाचं सार एका ओळीत लिहायचं काम तिच्या एकटीच्या गळ्यात. ज्यांच्या तक्रारीत गट नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही, ते सगळे ‘इतर’. ‘इतर’मधल्यांना सुनावणीत एकेकट्यानं बोलवायचं नसतं. शेवटी सगळ्यांची मिळून नोंद होते आणि चहा येतो.

ती प्रादेशिक नियोजन कार्यालयात आरेखक होती. बावीस वर्षं नकाशे काढत आली होती. ऑफिसात तिला ‘रेघबाई’ म्हणत. रेघबाईंची रेघ वाकडी दिसली तर आधी आपला चष्मा पुसून बघावा, असा तिचा लौकिक होता.

या वेळचा आराखडा मोठा होता. नवं रेल्वे स्टेशन, तिथपर्यंत जाणारा रुंद रस्ता, आणि स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर सहाशे घरांची वसाहत. जुना रस्ता रुंद करताना ज्यांची घरं पाडली होती, आणि जी माणसं सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होती, त्यांच्यासाठी ही घरं. त्या शेडमधल्या सत्तावन्न नंबरच्या खोलीत तिचा पाठचा भाऊ, त्याची बायको आणि पाच वर्षांची ठमी राहत होती. नकाशात राहण्याची जागा पिवळ्या रंगानं दाखवतात. वसाहतीचा तो पिवळा चौकोन तिनं स्वतःच्या हातानं रंगवला होता, आणि त्या दिवशी तिनं तो जरा जास्तच निगुतीनं रंगवला होता, हेही खरं.

पाचव्या दिवशी गठ्ठे पुन्हा चाळताना सहाशे चौदाचा कागद हातातून निसटला आणि जमिनीवर पालथा पडला. मागच्या बाजूला पेन्सिलीनं काढलेली आकृती होती. विजेचे सहा खांब, प्रत्येकाचा नंबर, आणि खांबांच्या पलीकडे पावलांत मोजलेली अंतरं. मधे एक मोठं वाकडंतिकडं वर्तुळ.

तिनं कागद सुलटा करून पुन्हा वाचला. ‘जिथं घरं बांधणार तिथं विटांच्या मातीची खाण होती. ती बुजवायला तीन वर्षं मीच डंपर रिकामे केले. खाली माती नाही, कचरा आहे. समक्ष सांगायला येतो. फोन करू नये, ऐकू येत नाही.’

ती हसली. मग हसू तसंच ओठांवर राहिलं आणि नजर त्या पिवळ्या चौकोनाकडे गेली.

तिनं जुने मोजणी नकाशे काढले. एक चाळीस वर्षांपूर्वीचा, एक अठरा वर्षांपूर्वीचा. दोन्हींवर त्या जागी नुसतं पडीक माळरान. म्हणजे खाण असलीच, तर ती या दोन मोजण्यांच्या मधे, नाहीतर त्यानंतर खोदली गेली आणि बुजलीही. कागदाला तिचा पत्ताच लागला नाही. मग तिनं माती तपासणीचा अहवाल उघडला. चार ठिकाणी यंत्रानं खोल भोकं पाडून बोअर घेतलेले, चारही ठिकाणी घट्ट मुरूम, शेरा उत्तम. फक्त ती चारही ठिकाणं चौकोनाच्या चार कोपऱ्यांत होती, जिथं यंत्राची गाडी सहज पोचते तिथं. मधे काटेरी झुडपं होती. मधे कुणी गेलंच नव्हतं.

तो अर्ज आणि अहवाल घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. सहा वर्षं या वसाहतीसाठी फाइल डोक्यावर घेऊन दारोदार फिरलेले होते.

“बाई, बसा,” ते म्हणाले. “एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर मी सहाशे घरं थांबवू? या महिन्यात मंजुरी झाली नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि पुढं पाया खणताना ठेकेदार बघेलच की.”

“आणि नाही बघितलं तर?”

साहेबांनी चष्मा काढला. “तुमचा भाऊच आहे ना त्या यादीत? मग मला वाटलं, घाई तुम्हाला असेल.” ते चिडून बोलले नव्हते, पण तिला ते झोंबलं. “ती हरकत राहू दे ‘इतर’मध्येच.”

रविवारी सकाळी ती त्या माळावर गेली. डंपरवाले काका आधीच येऊन थांबले होते. अर्जावरच्या पत्त्यावर तिनं चिठ्ठी पाठवली होती. उंच, वाकलेले, हातात लोखंडी पहार. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून कान गेलेले, त्यामुळे बोलणं सगळं ओरडून.

“तुम्ही पोरगी पाठवणार असं वाटलं नव्हतं!” ते ओरडले. “मला वाटलं, साहेब येईल गाडीतून!”

“मी पन्नाशीला आले, काका!” तीही ओरडली.

“काय?”

“काही नाही!”

काकांनी खांबाला पाठ लावली, सत्तर पावलं मोजली आणि झुडपांत शिरले. तिची साडी काट्यांत अडकत होती. एका जागी थांबून त्यांनी पहार दोन्ही हातांनी उचलून मारली. वीतभर गेली. दुसऱ्यांदा हातभर. तिसऱ्यांदा त्यांनी तिलाच दिली. तिच्यासारख्या नकाशे काढणाऱ्या बाईच्या हातून ती पहार कंबरेपर्यंत खाली गेली, कुठंही न अडखळता. वर ओढली तर टोकाला काळं, ओलं काहीतरी आणि कापडाची चिंधी.

“वर दोन फूट चांगली माती टाकली होती,” काका आता जरा हळू बोलले. “दिसायला बरं दिसावं म्हणून. मी तेव्हाही मुकादमाला म्हटलं होतं, इथं कुणी घर बांधलं तर? तो म्हणाला, इथं कोण मरायला येतंय!”

तिथून ती थेट शेडकडे गेली. मनात होतं, भावाला आधी आपल्या तोंडून कळावं. सत्तावन्न नंबरमध्ये दुपारचा पत्रा तापला होता. ठमी फरशीवर पाणी शिंपडून त्यावर पालथी पडली होती. खोकत होती. भिंतीवर वसाहतीचं छापील चित्र चिकटवलेलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीभोवती लाल पेनानं गोल केलेला.

“आत्या, ही माझी खिडकी,” ठमी म्हणाली.

ती त्या लाल गोलाकडे बघत राहिली. तरी तिनं सगळं सांगितलं. भाऊ खाली मान घालून ऐकत होता.

“कोपऱ्यांत माती चांगली आहे ना?” त्यानं विचारलं.

“कोपऱ्यांत आहे. सहाशे घरं कोपऱ्यांत मावत नाहीत.”

“ताई, तू सोडून कुणाला माहीत आहे हे?”

“साहेबांना. काकांना.”

“साहेब गप्प बसलेत. म्हातारा बहिरा आहे. मग तुलाच काय पडलंय?” त्याचा आवाज चढला. “तुझ्या डोक्यावर स्लॅब आहे म्हणून सुचतंय तुला हे. एक उन्हाळा राहून बघ इथं!”

भावजय मधे पडली नाही. तिनं फक्त नणंदेसमोरचा चहाचा कप उचलून आत नेला. त्यातला चहा अजून अर्धा होता.

पुढचे तीन दिवस तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसमध्ये बसली की समोरची प्रत्येक इमारत थोडी कललेली वाटायची. स्वतःच्या घरातल्या भिंतीवरची जुनी चीर तिनं बोटानं चाचपून पाहिली. मनाशी हजार वेळा ठरवलं की आपण बोललो, साहेबांना सांगितलं, आता आपलं काम संपलं. आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, टेबलापाशी कुणी नसताना, तिनं सहाशे चौदाचा कागद ‘इतर’मधून काढून ‘जमीन व पाया’ या गठ्ठ्यात ठेवला, यादीत नंबर चढवला आणि शेजारी आपली सही केली. सही नेहमीसारखी सरळ आली.

सभागृह गच्च भरलं होतं. मागच्या रांगांत शेडमधली माणसं, त्यांच्यात भाऊ आणि भावजय. व्यासपीठावर बाहेरून आलेले अध्यक्ष, साहेब, आणि एका टोकाला माइक घेऊन ती. नंबर पुकारायचं काम तिचं होतं.

“सहाशे चौदा.”

कुणी उठलं नाही. काका तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसून छताकडे बघत होते. साहेबांनी यादीत वाकून पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या लक्षात आलं होतं.

“सहाशे चौदा,” तिनं पुन्हा म्हटलं.

“गैरहजर लिहा,” अध्यक्ष म्हणाले. “पुढचा.”

दोनदा पुकारायचं आणि पुढं जायचं, हा नियमच होता. तिनं पुकारलं होतं. आता कुणीही तिच्याकडे बोट दाखवलं नसतं. मागच्या रांगेत भाऊ उभा राहून तिच्याकडेच बघत होता, आणि त्याची मान अगदी बारीक हलली. नको.

तिनं माइक तोंडाजवळ घेतला.

“हजर आहेत, अध्यक्षसाहेब,” ती म्हणाली. “त्यांना ऐकू येत नाही.”

ती माइक तिथंच ठेवून पायऱ्या उतरली, तिसऱ्या रांगेत गेली आणि काकांच्या दंडाला हात लावला.

काका माइकवर ओरडले तेव्हा सभागृह हसलं. पण त्यांनी खांबांचे नंबर सांगायला सुरुवात केली, आणि मग हसू हळूहळू विरलं. अध्यक्षांनी अहवाल मागवला. “बोअर नेमके कुठं घेतलेत?”

साहेब पानं उलटत राहिले.

“चारही कोपऱ्यांत,” ती म्हणाली. “मधे एकही नाही.”

नव्यानं सात बोअर घ्यायचं ठरलं. यंत्र यायला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे सगळ्यात वाईट गेले. आता भीती उलटीच होती. खाली चांगली माती निघाली तर? एका म्हाताऱ्याचं ऐकून आपण सहाशे घरांवर पाणी सोडलं असं झालं तर? आणि एकदा, बस थांब्यावर उभी असताना, तिच्या लक्षात आलं की ती मनातल्या मनात खाली कचराच निघू दे म्हणून विनवतेय. ठमीच्या खिडकीखाली कचरा. तिला स्वतःचीच किळस आली.

सातपैकी पाच ठिकाणी तीस फुटांपर्यंत कचरा निघाला. टायर, चिंध्या, बाटल्या, आणि एका भोकातून असा वास की यंत्रावरची माणसं लांब पळाली. उत्तरेकडची पट्टी तेवढी बरी होती. तिथं दोनशे वीस घरं बसत होती. बाकीच्यांना रुळांच्या पलीकडे दुसरी जागा, आणखी किमान अडीच वर्षं. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात भावाचं नाव निघालं नाही.

साहेब तिला एक शब्दही बोलले नाहीत. महिन्याभरानं तिची बदली बसमार्गांच्या विभागात झाली. तिथल्या पहिल्याच कामात तिनं शेडपासून दवाखान्यापर्यंत जाणारी बस नकाशावर आखली. ती मंजूर व्हायलाही चार महिने लागले. दरम्यान भाऊ तिच्या घरी आला नाही. भावजयीनं रस्त्यात पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिनंही हाक मारली नाही. काय म्हणून मारायची?

मग एका दुपारी फोन आला. पलीकडे भावजय होती. मागे तापलेल्या पत्र्याचा कडकड आवाज.

“वन्सं, ठमीच्या शाळेचा अर्ज भरतोय. शेडचा पत्ता चालत नाही म्हणतात. तुमचा लिहू का?”

“लिही,” ती म्हणाली. “लिही की. पिनकोड सांगते, थांब.”

तिनं आकडे एकेक करून सांगितले. भावजयीनं एकेक करून परत म्हटले.

“आणि तो…” तिनं विचारलं, “तो कसा आहे?”

“इथंच बसलाय,” भावजय म्हणाली. “बोलत नाहीये. पण फोन त्यानंच लावून दिला.”