दोन पाठींवरचा तंबू

मित्रांनो, माझ्या पिशवीवर ‘दोन माणसांसाठी’ असं ठळक छापलेलं आहे. मी एक जुना, हिरवा, ठिकठिकाणी ठिपके पडलेला तंबू. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, ती छपाई जरा घाईत झाली. कोणती दोन माणसं, ते छापायचं राहूनच गेलं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एकाने मला कापलं, दुसरीने शिवलं, तिसरीने माझ्या शिवणींवर पट्ट्या चिकटवल्या. शेवटी तपासनीस आला. त्याने मला उभा करून माझ्यावर तीन बादल्या पाणी ओतलं, आत डोकं घालून पाहिलं आणि मान डोलावली. त्या एका मान डोलावण्यावर मी पुढची कितीतरी वर्षं ताठ उभा राहिलो.

तिथून मी भाड्याने सामान देणाऱ्या एका दुकानात आलो. दर सुट्टीत कुणी ना कुणी मला घेऊन जायचं. बाहेर फार गोड बोलणारी माणसं आत आल्यावर पांघरूण कसं ओढतात, ते तंबूलाच ठाऊक! कॉलेजच्या पोरांनी माझ्यात पाच जण कोंबले. एका नव्या जोडप्याने मला उलटा उभा केला आणि चूक कुणाची, यावर माझ्यासमोर दोन तास घालवले. मी सगळं पाहायचो आणि मनातल्या मनात ज्याच्या त्याच्या नावावर टाकायचो.

मग काही मंडळींनी मला ओलाच गुंडाळून परत केला. दुकानदार भला माणूस, पण विसराळू. त्याने मला तसाच वरच्या फळीवर टाकला. दीड वर्ष मी तिथे पडून होतो. अंगावर बुरशीचे ठिपके उठले. शेजारचे नवे तंबू माझ्यापासून चार बोटं लांबच राहायचे.

अशात एके दिवशी त्या दोघी दुकानात आल्या.

“भाऊ, तुमच्याकडचा सगळ्यात लहान तंबू दाखवा,” पहिल्या बाई म्हणाल्या.

“लहान? लोक तर मोठा मागतात.”

“आम्हाला अडचणच हवी आहे,” दुसऱ्या बाई म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

दुकानदाराने मला खाली काढला. पहिल्या बाईंनी विचारलं, “उभा व्हायला किती मिनिटं लागतात?” दुसऱ्या बाईंनी काहीच विचारलं नाही. त्यांनी माझी शिवण अंगठ्याने दाबून पाहिली, मला हुंगलं आणि म्हणाल्या, “ठिपके राहतील, वास जाईल. शिवण मात्र प्रामाणिक आहे हो याची.” मित्रांनो, त्याच क्षणी मी त्यांचा झालो.

पहिल्या बाई बस डेपोत एकतीस वर्षं कंट्रोलर होत्या. गाड्या वेळेवर सोडणं हे त्यांचं काम. दुसऱ्या बाई कपडे शिवायच्या. त्यांना मी शिवणबाई म्हणतो. कंट्रोलरबाईंच्या मुलीचं शिवणबाईंच्या मुलाशी लग्न झालेलं. म्हणजे दोघी एकमेकींच्या विहीणबाई, आणि दोघीही आपापल्या घरी एकट्या. आता मुलांनी घर बदलायचं ठरवलं होतं. “दोघी आमच्याकडेच या,” असा त्यांचा आग्रह होता. पण परवडणाऱ्या घरात आयांसाठी खोली एकच निघत होती. आठवडाभरात मुलांना हो की नाही ते कळवायचं होतं. ‘नाही’ म्हटलं तर दोघींनाही आपापल्या रिकाम्या घरी बसावं लागणार होतं. ‘हो’ म्हणून पटलं नाही, तर मुलांच्या संसारात रोजची धुसफूस.

तोडगा शिवणबाईंनी काढला होता. “एका खोलीत जमतं का, ते आधी तंबूत बघू. तंबू परत करता येतो, घर नाही.”

तर असा मी परीक्षेचा हॉल झालो. प्रवास चार दिवसांचा, पायी, पाठीवर सामान. मला एकटीने उचलायला दोघीही तयार, आणि दुसरीला उचलू द्यायला दोघीही नाखूश. म्हणून माझी वाटणी झाली. कापड शिवणबाईंच्या पाठीवर, दांड्या आणि खुंट्या कंट्रोलरबाईंच्या पाठीवर.

पहिल्या दिवसाचा माझा हिशोब असा. कंट्रोलरबाई: चौदा किलोमीटर, विश्रांती दोनदा, दहा-दहा मिनिटांची. शिवणबाई: तेच चौदा किलोमीटर, शिवाय अकरा नव्या ओळखी, एका बकरीची विचारपूस आणि खिसाभर बिया. कंट्रोलरबाई पुढच्या वळणावर घड्याळ बघत उभ्या, आणि शिवणबाई मागे कुणाच्या तरी अंगणात पाणी पीत बसलेल्या. रात्री आत दोघी पाठीला पाठ लावून झोपल्या. जागाच तेवढी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाटेला दोन फाटे फुटले. एक सरळ चढाचा, एक तळ्याच्या काठाने वळसा घेणारा. दोन्ही एकाच मुक्कामाला जाणारे.

“विहीणबाई, सरळ जाऊ. चारला पोचायचंय,” कंट्रोलरबाई म्हणाल्या.

“मुक्काम काय पळून जातोय का? तळं बघू की.”

“तुम्ही दर झाडाशी नातं काढता.”

“आणि तुम्ही झाडं नुसती मागे टाकता. काय पाहिलंत सांगा बरं सकाळपासून?”

“अडीच तासांत नऊ किलोमीटर!”

“तेच म्हणते मी. माझ्यासाठी थांबू नका तुम्ही.”

“एकतीस वर्षांत कुणासाठी गाडी थांबवली नाही मी. आता काय थांबवणार!”

आणि दोघी दोन वाटांनी निघाल्या. भांडण त्यांचं आणि दोन तुकडे माझे! ते मात्र दोघींच्याही लक्षात आलं नाही. मी दोन्हीकडे होतो, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो.

कंट्रोलरबाई चारला दहा मिनिटं असतानाच पोचल्या. वारा लागणार नाही अशी जागा त्यांनी निवडली, माझ्या चार कोपऱ्यांच्या जागी चार दगड मांडले आणि पिशवी उघडली. दांड्या खणखणल्या. खुंट्या होत्या, हातोडी होती. छप्पर नव्हतं. त्या मटकन दगडावर बसल्या. फोनला रेंज नाही. साडेचार झाले. डोंगरावरून गार धुकं उतरू लागलं. “पाय घसरला असेल. तळ्याचा काठ निसरडा असतो,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि सामान पाठीवर टाकून तळ्याच्या वाटेने उलट्या निघाल्या.

तिकडे शिवणबाई एका होडीवालीच्या ओसरीवर बसून तिच्या पोराच्या शर्टाला गुंडी लावत होत्या. धुकं दिसल्यावर त्यांनी पिशवी चाचपली, आणि मऊ लागली. “अगं बाई! छप्पर माझ्याकडे आहे, आणि ती बाई उघड्यावर!” होडीवालीने त्यांना सरळ वाटेला लागणारी चढाची पायवाट दाखवली. मित्रांनो, शिवणबाई धावल्या. वाटेत निळ्या फुलांचं आख्खं झुडूप होतं, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सव्वापाचला धापा टाकत मुक्कामावर पोचल्या, तर तिथे चार दगड आणि कुणीही नाही.

पहिलीसाठी दुसरी धावली, दुसरीसाठी पहिली उलटी फिरली, आणि दोघींची चुकामूक झाली!

शिवणबाई परत फिरल्या. चार पावलं टाकली आणि थबकल्या. माझा जीव टांगणीला. “नकोच,” त्या म्हणाल्या. “ती हिंडणारी, मी बसणारी. दोघी हिंडलो तर आज भेट व्हायची नाही.” मग त्यांनी मला उलगडलं, धुक्यातूनही दिसावा म्हणून फांदीवर टांगलं आणि चार दगडांच्या मधोमध फतकल मारली.

तळ्याकाठी होडीवाली सांगत होती, “त्या बाई? त्या तर धावत गेल्या.”

“धावत? आमच्या विहीणबाई?” कंट्रोलरबाईंचा विश्वासच बसेना. मग त्या हसल्या. “आता पोचल्या असतील आणि बसल्या असतील. एकदा बसल्या की हलत नाहीत त्या.” दोन दिवस हेच वाक्य त्या तक्रार म्हणून ऐकवत होत्या. आता त्याच भरवशावर त्यांनी झपाझप वाट कापली.

मी फांदीवरूनच त्यांना येताना पाहिलं.

“किती वाजले?” शिवणबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

“सहा दहा.”

“म्हणजे आज मी आधी पोचले!”

“हो. उशीर मला झाला.”

“लिहून द्या तसं. जावईबापूंना... नव्हे, तुमच्या जावयाला दाखवीन.”

“तो तुमचाच मुलगा आहे, विहीणबाई.”

“आनंदात नाती विसरले हो! आणा त्या दांड्या.”

नऊ मिनिटांत त्यांनी मला उभा केला. कंट्रोलरबाईंनी मोजलं होतं.

मला दोन्ही बाजूंना दारं आहेत, मित्रांनो. सकाळी सहाला कंट्रोलरबाई आपल्या दाराने हळूच बाहेर पडल्या, आसपासच्या दोन टेकड्या चढून आल्या. आठला शिवणबाई आपल्या दारातून पाय बाहेर काढून चहा पीत बसल्या. कुणी कुणाला हलवलं नाही, कुणी कुणासाठी खोळंबलं नाही.

पुढे वाटेतल्या खिंडीत रेंज आली आणि कंट्रोलरबाईंच्या मुलीचा फोन वाजला. “आई, काय ठरलं? घरमालक आजच विचारतोय.”

“घेऊन टाक. एक खोली पुरेल,” कंट्रोलरबाई म्हणाल्या. “फक्त तिला दोन दारं बघ.”

“दोन दारं कशाला?”

शिवणबाईंनी फोन ओढून घेतला. “एक हिच्या सहा वाजण्यासाठी. आणि खिडकी माझ्या बाजूला हवी, सांगून ठेवते!”

दुकानदाराकडे मी परत गेलोच नाही. माझ्या बदल्यात त्यांनी त्याला नवा तंबू आणून दिला. हल्ली मी त्या खोलीतल्या कपाटावर असतो. एक दार अंगणात उघडतं, एक स्वयंपाकघरात. दोघी दिवसातून दोनदा तरी वाद घालतात, आणि वर्षातून दोनदा मला बाहेर काढतात. परत आल्यावर शिवणबाई मला दोरीवर पसरतात आणि पुरता सुकेपर्यंत कंट्रोलरबाई घडी घालू देत नाहीत, मग त्याला दोन दिवस लागोत. वाळवायला टाकलेल्या तंबूला मात्र त्या वेळापत्रक लावत नाहीत.

तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्यालाही ओला गुंडाळू नका. आणि दोघं मिळून त्याला नेणार असाल, तर वाटा वेगळ्या करण्याआधी एकदा पिशव्या उघडून बघा, कुणाच्या पाठीवर काय आहे ते.