वरच्या चार ओळी

पत्राची घडी उलगडताच रेव्हरंड एबेल लॉथ्रप यांचा हात थांबला. कागदाचा वरचा, चार बोटं रुंदीचा भाग जागेवर नव्हता. कात्रीने सरळ कापून घेतलेला होता. त्यांनी घडी पुन्हा घातली आणि कपाटाकडे तोंड करून तसेच उभे राहिले.

"सापडलं का हो, पाद्रीसाहेब?" मागून डॉर्कस पेटेंगिलबाईंनी विचारलं.

"बघतोय," ते म्हणाले.

पेटेंगिलबाई शेगडीजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. डोक्यावरची टोपी त्यांनी काढली नव्हती. शेजाऱ्याच्या सफरचंदांच्या गाडीत बसून त्या डोंगरातल्या गावाहून आल्या होत्या आणि बाजार उठायच्या आत त्याच गाडीने त्यांना परत जायचं होतं. लिडियाने, लॉथ्रप यांच्या पत्नीने, आल्याची वडी पुढे ठेवली होती. बाईंनी तिचा एक कोपरा मोडून खाल्ला होता आणि उरलेली रुमालात बांधून घेतली होती.

स्वातंत्र्ययुद्धात सेनापती असलेल्या दिवंगत पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा सरकारी पत्रव्यवहार सरकारी पेट्यांत सुरक्षित होता. खाजगी पत्रं मात्र लोकांच्या घराघरांत विखुरलेली होती. कुठे बायबलच्या पानांत, कुठे उशीखाली. ती ग्रंथात छापण्यासाठी गोळा करत काही वर्षांपूर्वी लॉथ्रप घोड्यावर बसून गावोगाव हिंडले होते. मागावं कसं ते त्यांना छान जमे. "हे देशाचं धन आहे, बाई. ग्रंथ छापून झाला की परत करतो." पेटेंगिलबाईंनी नवऱ्याला आलेलं पत्र पिठाच्या डब्यातून काढून, पुसून दिलं होतं.

ग्रंथ छापून झाला. बॉस्टनच्या विद्वानांनी पाठ थोपटली. पेटेंगिलबाईंचं पत्र त्यात आलंच नाही. एका शेतकऱ्याला लिहिलेल्या आठदहा ओळी. लॉथ्रप यांनी त्या 'किरकोळ' म्हणून बाजूला ठेवल्या होत्या, आणि त्या गठ्ठ्यातलं काही परत करायचं राहूनच गेलं.

"घाई करायची नव्हती मला," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे आहे म्हणजे माझ्याकडेच आहे, असं धरून चालले होते. पण आता लढाईतल्या लोकांच्या विधवांना पेन्शन सुरू झालीय. आमचं लग्न लढाई चालू असतानाच झालं, त्याची चर्चमध्ये नोंद आहे. पण माझा आसा फौजेत होता हे कोण सांगणार? जुन्या हजेऱ्या आगीत जळाल्या म्हणे. कचेरीतला पोरगा म्हणाला, आजी, कागद आणा. मी म्हटलं, खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या हातचा कागद आहे माझ्याकडे. तर हसला मेला! म्हणाला, सगळ्याच आज्यांकडे असतो."

आता वळणं भागच होतं. लॉथ्रप यांनी पत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं.

बाईंनी ते उलगडलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग खालची बाजू वर केली.

"मी उलटं तर धरलं नाही ना?"

"नाही. मघाशी धरलं होतं ते बरोबर होतं."

"मला छापलेलं वाचता येतं, हातचं नाही येत. पण वर त्याचं नाव होतं, 'आसा पेटेंगिल यांस', तेवढं मला ओळखता यायचं." त्यांचं बोट कापलेल्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. "उंदरांनी खाल्लं का हो? आमच्याकडे कधी उंदीर लागला नव्हता त्याला. पण गावातले उंदीर वेगळे."

दाराशी उभ्या असलेल्या लिडियाने नवऱ्याकडे पाहिलं.  ते टेबलाशी जाऊन बसले आणि दौतीचं झाकण काढलं.

"मी प्रतिज्ञापत्र लिहून देतो, पेटेंगिलबाई. मी पत्र पूर्ण पाहिलं होतं, असं. माझ्या शब्दाला मान आहे. वर काय लिहिलं होतं, तेवढं मात्र..." ते अडखळले. "तेवढं तुम्ही सांगा."

त्यांना एक अक्षरही आठवत नव्हतं.

बाईंनी हात मांडीवर जुळवले आणि चर्चमध्ये म्हणावं तसं म्हणून दाखवलं. "आसा पेटेंगिल यांस. त्या हिवाळ्यात नदी गोठत असताना तुम्ही बैल घालून आमच्या तोफा पलीकडे नेल्यात, ते मी विसरलेलो नाही. त्या रात्री थंडीने तुमची दोन बोटं गेली, हे मला आता कळतं आहे. तेव्हा तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत." त्या थांबल्या. "मग पुढचं आहे ते खाली आहेच. शेत कसं आहे, बैल कसे आहेत."

टाक कुरकुरत राहिला. लिहून झाल्यावर लॉथ्रप यांनी वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य होतं: सदर पत्राचा वरचा भाग पुढे गहाळ झाला.

"गहाळ म्हणजे?"

"हरवला."

"कुणाकडनं?"

लॉथ्रप यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला.

"ते विचारतील ना तिथे," बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "आणि मग म्हणतील, म्हातारीनं हरवला. पुरात घर सोडलं, तेव्हा पोर एका कडेवर आणि तो डबा दुसऱ्या कडेवर घेऊन निघाले होते मी. माझ्याकडनं नाही हरवला, एवढं लिहा की."

लिडिया अजून दारातच उभी होती. कात्री तिच्याच शिवणाच्या टोपलीतली होती. मागे एकदा चहाला आलेल्या व्हिटकॉमबाईंनी त्या थोर माणसाची सही मिळेल का म्हणून लाडिकपणे विचारलं होतं, आणि लॉथ्रप यांनी किरकोळच्या गठ्ठ्यातून हाताला लागलं ते पत्र ओढलं होतं. सही पाठीमागच्या बाजूला, वरच होती. पुढच्या बाजूला काय आहे, हे त्यांनी उलटून पाहिलं नव्हतं. व्हिटकॉमबाईंनी तुकडा ओठांना लावला होता, सगळे हसले होते, आणि लॉथ्रप यांना स्वतःला फार बरं वाटलं होतं. पुढे व्हिटकॉमबाई कायमच्या लिव्हरपूलला निघून गेल्या.

"मी कापला," लॉथ्रप म्हणाले.

"काय?"

"वरचा भाग. मी कापला. मागे सही होती. एका बाईंना हवी होती."

"सही कशाला हवी होती?"

"ठेवायला. वहीत चिकटवून."

पेटेंगिलबाईंनी पत्राची घडी घातली. "त्यांचा माणूस पण फौजेत होता का?"

"नाही."

"मग?"

 लॉथ्रप यांनी शेवटचं वाक्य खोडलं. त्याखाली नवं लिहिलं. ते त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, आणि वाचताना एकदाही मान वर केली नाही.

"हां," बाई म्हणाल्या. "आता बरोबर आहे."

शपथेसाठी दोघं न्यायाधीश सेवॉल यांच्या घरी गेले. रस्त्यात ओळखीचे लोक टोपी उचलून नमस्कार करत होते. एरवी लॉथ्रप थांबून चौकशी करत. आज ते झपाझपा चालले, आणि बाई मागे पडताहेत हे लक्षात आल्यावर पुन्हा उलट गेले.

सेवॉल यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि आवाज खाली आणला.

"एवढं उघडं कशाला लिहिता, लॉथ्रप? हा कागद वॉशिंग्टनला जाणार. चार कारकून वाचणार. 'गहाळ' म्हटलं तरी भागतं. तुमच्या नावाचा तरी विचार करा."

"आहे तसंच राहू द्या."

"सगळेच देतात हो असे तुकडे. त्यात एवढं काय?"

"शपथ द्या, सेवॉल."

शपथ झाली. लाख वितळवून मोहोर लागली. सेवॉल यांनी कागद बाईंच्या हातात दिला आणि एवढ्यावर काम होईल असं आश्वासन दिलं. बाईंनी तो छातीशी धरला, पण त्या निघाल्या नाहीत. त्या शेकोटीच्या वरच्या भिंतीकडे पाहत होत्या. तिथे काळ्या लाकडाच्या चौकटीत, काचेआड, कागदाची एक अरुंद पट्टी होती.

"हे त्यांचंच ना? हे वळण ओळखते मी."

"हो तर!" सेवॉल उत्साहाने उठले. "लॉथ्रपसाहेबांनीच..." आणि मध्येच थांबले.

बाईंनी न विचारताच चौकट खिळ्यावरून काढली, उलटी केली. पाठीमागे पुठ्ठा ठोकून बंद केलेला होता. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला.

"ह्याच्या मागे कुणाचं नाव आहे?"

सेवॉल लॉथ्रप यांच्याकडे पाहू लागले. लॉथ्रप यांनी आठवून पाहिलं. मग बाईंच्या हातातून चौकट घेतली, टेबलावर पालथी ठेवली आणि सेवॉल यांच्याकडे चाकू मागितला.