दौलतची सहा कार्डे

फाल्गुनाच्या उतरत्या उन्हात पंचगंगेपलीकडचे ऊसमळे जळत होते. तोडणी संपली होती, आणि मागे उरलेल्या पाचटाला कुणी काडी लावली होती. धूर आधी सरळ उभा राहिला, उंच, निश्चल, स्तंभासारखा. मग वाऱ्याने त्याची मान मोडली आणि तो गावाकडे वळला. त्याच्यामागून राख आली. काळी, हलकी, लांबट पात्यांची राख. ती कौलांवर उतरली, वाळत घातलेल्या धुण्यावर उतरली, देवळाच्या कळसावर उतरली. आणि कुणी टिपू गेले, की बोट तेवढे काळे करून नाहीशी होई.

हेमलताने खिडकी लावून घेतली. तिच्यासमोर पलंगपोसावर काही रंगीत कार्डे मांडलेली होती, आणि त्यांच्यावर तिला डाग पडू द्यायचा नव्हता.

पेठेतली घुमटी तालीम दर हंगामाच्या आरंभी आपल्या प्रत्येक फुटबॉलपटूचे एक कार्ड छापीत असे. तळहाताएवढे, चकचकीत, पोपटी जर्सीतले. गठ्ठा आधी मारुतीच्या पायाशी ठेवला जाई, प्रत्येक कार्डाच्या पाठीवर शेंदराचा अंगठा उमटे, आणि मग खोबऱ्याच्या प्रसादाबरोबर ती घरोघर वाटली जात. कुणी ती देव्हाऱ्याच्या कडेला लावी, कुणी आरशाच्या चौकटीत, कुणी रिक्षाच्या काचेवर. पोरे सगळ्यांची जमवीत. हेमलता, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी, मितभाषी, अविवाहित हेमलता, एकाचीच जमवीत असे.

दौलत मोहिते. श्यामवर्ण, कृशकटी, वायुचरण दौलत. चेंडू त्याच्या पायाशी आला की वासरू गाईपाशी यावे तसा शांत होई. ती त्याच्याशी कधी एक शब्दही बोलली नव्हती. बोलायचे काय होते? वर्षातून एकदा तो तिच्या तळहातावर येई, आणि वर्षभर पुरे.

पाच कार्डे पोपटी होती. सहावे तांबडे होते.

गेल्या दिवाळीनंतर तालमीच्या कारभाऱ्यांनी त्याला देऊन टाकले. पलीकडच्या पेठेतल्या, नावाने जांभळी पण जर्सीने तांबड्या तालमीकडे एक निष्णात गोलरक्षक होता; तो यांना हवा होता. बंद दाराआड चहा झाला, हातात हात आले, गोलरक्षक इकडे आला आणि दौलत तिकडे गेला. त्याला कुणी विचारले नाही. पण तांबड्या जर्सीत त्याने पहिला गोल केला, आणि ज्यांनी त्याला दिले त्यांनीच त्याला फितूर म्हटले. पेठ आपले देणे विसरली. त्याचे जाणे तेवढे तिने लक्षात ठेवले.

निघून गेलेल्याची कार्डे होळीला देण्याची पेठेची रीत होती. परवाच्या पौर्णिमेला तरुण मंडळी सूप घेऊन दारोदार फिरली, आणि त्या सुपात दौलत चेहऱ्यावर चेहरा पडून ढिगाने साठत गेला. हेमलताच्या दारात तिचा भाऊ आडवा उभा राहिला होता. ‘आमच्यात कायबी न्हाई,’ असे म्हणून त्याने सूप परत पाठवले. त्या रात्री चौकातल्या ज्वाळेत पोपटी रंग क्षणभर निळा झाला, आणि मग काळा. तिची सहाही कार्डे उशीखाली सुरक्षित होती. तांबडे तिने शाळेतल्या, जांभळी पेठेत राहणाऱ्या एका सहशिक्षिकेकडून मागून आणले होते. पलीकडची पेठ मागितल्यावर देते, फक्त हसते.

आणि उद्या अंतिम सामना होता. घुमटीचा, जांभळीशी.

दार वाजले. भाऊ आत आला. इंद्रजित, वज्रस्कंध, अबोल, घुमटीच्या बचावफळीचा कणा. अंगाला चोळलेल्या लिनिमेंट तेलाचा वास, केसांत काळ्या राखेचे एक पाते.

“आक्का, दौलतची कार्डं बघू की जरा.”

“जाळायला हवीत?”

“जाळायची असती तर परवा सूप रिकामं लावून दिलं असतं व्हय?” तो हसला, आणि पलंगाच्या कडेवर टेकला. “उद्या समोर हाय गडी. लई वर्सं एका ताटात जेवलोय. बघावं म्हटलं एकदा डोळं भरून.”

कित्येक महिन्यांत त्या घरात दौलतचे नाव कुणी थुंकल्यावाचून घेतले नव्हते. हेमलताच्या मनात काहीतरी अलगद उमलले, आणि उमललेल्याला भान नसते. तिने कार्डे क्रमाने मांडली. शाळेत मुलींना मूर्तींची चित्रे दाखवताना तिचे बोट जसे हवेतून रेषा काढी, तसे ते आता दौलतच्या अंगावरून फिरू लागले.

“हा पहिल्या वर्षीचा. दोन्ही पायांवर सारखा उभा, खांबासारखा. पोरगेलाच होता. आता हा बघ. चौथा. इथे रेषा बदलली. सगळा भार उजव्यावर, कंबर किंचित कललेली, डावा पाय नुसता टेकलेला. पाचव्यात तसाच. या तांबड्यातही तसाच. देवळांतल्या जुन्या मूर्ती अशा उभ्या असतात, इंदू. फार देखणं दिसतं ते.”

“डावा नुसता टेकल्याला,” इंद्रजित म्हणाला.

“हो.”

“लागलं बिगलं हुतं काय त्याला?”

“असेल गुडघ्यात काही. पळताना तो ते लपवतो. उभा राहताना विसरतो.”

बाहेर राख उतरत होती. तिचा आवाज नसतो. इंद्रजितने तांबडे कार्ड उचलले, दिव्याजवळ नेले, बराच वेळ पाहिले, आणि जपून जागेवर ठेवले.

“आक्का,” तो उठत म्हणाला, “तुझी नजर म्हंजे नजर हाय. आमचा कोच कुठं लागतोय तुझ्याम्होरं.”

तो गेला. त्या स्तुतीने ती क्षणभर उजळली, एखाद्या मुलीसारखी. मग तिची दृष्टी तांबड्या कार्डावर गेली. चकचकीत कागदावर, नेमका डाव्या गुडघ्यावर, घामाचा एक अंगठा उमटला होता. दाबून. खूण करावी तसा.

तिने तो पदराने पुसला. कागद लखलखीत झाला. मनातला अंगठा गेला नाही.

अंगणात इंद्रजित पायरीवर बसून बुटांच्या तळाचे स्टड आवळत होता. एकेक, सावकाश, पुन्हा पुन्हा.

“इंदू, त्याच्या पायाला काही करू नकोस.”

“खेळ हाय, आक्का. खेळात लागतंय कुणाला तरी.” त्याने मान वर केली नाही. “त्यानं गोल मारला तर पेठंत मला तोंड दावायला जागा ऱ्हाणार न्हाई. मग तू येणार हाईस व्हय माझ्या वाटणीच्या शिव्या खायाला?”

“त्याला तुम्हीच दिलात.”

“मी न्हाई दिला. मला फकस्त आडवायचा हाय.”

निरोप पाठवायचा तर कुणाकडे? सहशिक्षिकेच्या कानात सांगावे, तर जांभळी पेठ उद्या तोच निरोप हलगीवर वाजवील, आणि बहिणीने खबर दिली म्हणून फितूर ठरून भावाचे नाव सुपात पडेल. न सांगावे, तर... त्या ‘तर’पाशी तिचा विचार येई आणि विहिरीच्या काठाशी थबकलेल्या जनावरासारखा मागे सरे. तिने ठरवले: मैदानावर जायचे. कठड्याला धरून, अगदी पुढे उभे राहायचे. आणि वेळ आली तर आपल्या कंठाने, आपल्या एकटीच्या कंठाने सांगायचे.

दुसऱ्या दिवशी मैदान भरून वाहत होते. एकीकडे पोपटी, एकीकडे तांबडे. मध्ये हिरवळीचा ताणलेला, श्वास रोखलेला पट्टा. हलगी कडकडत होती. घुमटीच्या पायऱ्यांवरून दौलतच्या नावाने शिव्यांची लाट उठे, ओसरे, पुन्हा उठे. तो खाली मान घालून पळत राहिला, आणि त्याच्या पळण्यात कुठेही व्यंग नव्हते.

पूर्वार्धात इंद्रजित त्याच्याजवळ गेलाच नाही. लांबून पाहत राहिला. त्या संयमाला भिऊनच हेमलता कठड्याला धरून आणखी पुढे सरकली.

उत्तरार्धात ऊन तिरपे झाले. मधल्या फळीकडून एक लांब चेंडू आला, आणि दौलत तो घेऊन कडेकडेने निघाला, थेट तिच्याच बाजूने, पोपटी पायऱ्यांच्या पायथ्याशी. आणि मैदानाच्या मधून, तिरप्या उन्हात तिरपा, इंद्रजित निघाला. त्याची नजर चेंडूवर नव्हती.

हेमलता कठड्यावर ओणवली.

“दौलत, डावा पाय सांभाळ.”

पहिला शब्द पोचला. पुढचे सगळे हलगीने गिळले.

त्याचे नाव. पोपटी पायऱ्यांवरून, शिवीवाचून, एका स्त्रीच्या आर्त, आर्द्र आवाजात त्याचे नुसते नाव. साऱ्या हंगामात त्याला तिथून कुणी असे बोलावले नव्हते. दौलतने मान वळवली. तो थांबला. त्याचे डोळे गर्दीतून शोधत तिच्यापर्यंत आले, आणि ओठांवर अर्धे, अविश्वासी, लहान मुलाचे हसू आले. कंबर किंचित कलली. डावा पाय नुसता टेकला.

त्याच पायावर इंद्रजितचा बूट आला. आवाज मोठा नव्हता. वाळली काटकी मोडावी एवढाच.

मग पायऱ्यांवरचे हात वर उठलेले तसेच राहिले. मग हलगी थांबली. मग इंद्रजित गुडघ्यांवर बसला, आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला, जणू ते आत्ताच कुणी त्याला आणून दिले होते.

चेंडू मात्र निघालाच होता. सुटलेला, बिनधन्याचा, गोल गोल. मावळतीच्या उन्हात आपल्याहून मोठी सावली ओढत तो हिरवळीवरून आला, चुन्याच्या रेषेवरून आला, हळू होत, आणखी हळू होत कठड्याशी आला, आणि टेकला. हजारो माणसे उभी होती. खाली वाकून तो कुणीच उचलला नाही.