शीग

‘‘लाभ,’’ म्हणत बजाबाईने दुधाच्या पावडरीचा पहिला चमचा बाटलीतल्या कोमट पाण्यात उलटा केला. मग ‘‘दोन... तीन... चार.’’ चारही चमचे शिगोशीग. पावडरीचा डोंगर काठावरून घसरू पाहायचा आणि बजाबाई श्वास रोखून तो बाटलीच्या तोंडापर्यंत न्यायची. चौथ्यानंतर दोन बोटांच्या चिमटीत आणखी थोडी पावडर घेऊन तिने ती वरून सोडली.

शेजारी मिरच्यांचा ढीग लावून बसलेली नागम्मा हसली. ‘‘बजक्का, ती काय गिऱ्हाईक हाय व्हय, वर घालायला?’’

‘‘गिऱ्हाइकाला वर मूठ घालते मी. नातीला चिमूट बी नगं?’’

‘‘घाल बाई, घाल. उद्या तीच म्हनंल, आज्जी, पुरं कर, पोट फुटलं.’’

दुधनीचा बाजार भरला होता. एप्रिलचं ऊन असं, की डोक्यावरच्या फाटक्या साडीच्या सावलीलासुद्धा चटका होता. चुरमुऱ्यांच्या दोन पोत्यांच्या मध्ये, दुपट्यावर, साडेतीन महिन्यांची आरोही हातपाय झाडत रडत होती. बजाबाईने बाटली हलवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि मगच लेकराच्या तोंडाला लावली.

दुधाच्या बाबतीत तिच्याकडे कोणी बोट दाखवावं असं काही नव्हतं. बाटली रोज पहाटे वीस मिनिटं उकळायची, धुवट फडक्यात गुंडाळायची. पाणी घरून उकळून थर्मासात आणायचं. हॉटेलवाला गरम पाणी देतो म्हणाला तरी घ्यायचं नाही. उरलेलं दूध परत पाजायचं नाही, ओतून टाकायचं. दवाखान्यातल्या बाईने एकदा सांगितलं ते तिने पाठ करून ठेवलं होतं. अक्षर येत नव्हतं; पण बाटलीवरच्या रेघा मोजता येत होत्या. चौथ्या रेघेपर्यंत पाणी, चार चमचे पावडर.

शीग मात्र तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती तिच्या हातातच होती.

तिचा बाप मापाडी. जेऊरकडच्या खेड्यांत खळी पडली की त्याला बोलावणं यायचं. अधोलीचं माप घेऊन तो राशीपुढे गुडघा टेकायचा आणि पहिल्या मापाला एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा. लहानगी बजा गोणीचं तोंड धरून उभी असायची. ज्वारी काठावर आली की बाप ओंजळीने वर शीग चढवायचा, अशी टोकदार, की वरचा दाणा पडेल की राहील असं वाटावं. एका सावकाराने एकदा मापावरून काठी फिरवून धान्य सपाट करायला सांगितलं, तर बापाने माप खाली ठेवलं आणि तो चालता झाला. ‘‘पोरी, सपाट माप मानसाला मोजतंय,’’ तो घरी येताना म्हणाला होता, ‘‘शिगेचं माप मानसाला पोसतंय.’’

आता सगळं किलोवर आलं. चुरमुरे तेवढे अजून मापाने जातात, म्हणून बजाबाईने चुरमुरेच धरले. चाळीस वर्षं झाली. सोलापुरातून पोती एसटीत टाकायची आणि आज हा बाजार, उद्या तो.

लेक उत्कर्षा बाळंतपणाच्या नवव्या दिवशी तापाने गेली. जावई सतीश चाकणला कंपनीत. त्याच्या आईने, माढ्याच्या भीमाबाईने, तेराव्याला सरळ विषय काढला होता. ‘‘लेकराला आमी नेतो, इहीणबाई. घरात बाया हायती. तुमी बाजार करनार का पोर बघनार?’’

बजाबाईने सगळ्यांदेखत पदर पसरला होता. ‘‘लेक ठिवून घेता आली न्हाय. एवढं तरी ऱ्हाऊ द्या.’’

सतीशने मधला मार्ग काढला. उन्हाळा सरेपर्यंत राहू दे. पोर अंगाने भरली तर पुढेही राहू दे, नाही तर आई घेऊन जाईल. येत्या रविवारी तो पोरीला बघायला येणार होता. बजाबाई रोज सकाळी आरोहीचं मनगट दोन बोटांत धरून बघायची. मनगटाला वळी पडली पाहिजे. वळी पडली की कोण नेतंय!

आरोहीने बाटली घटाघटा संपवली आणि पुन्हा भोकाड पसरलं.

‘‘आता काय गं?’’ नागम्मा म्हणाली. ‘‘व्हट बघ कसं वाळलं. दोन चमचं पानी पाज की.’’

‘‘न्हाय. सहा म्हैनं वरचं पानी घालू नगा म्हनून बजावलंय.’’

‘‘मग तान्ह्याला तान लागत न्हाय व्हय? आपुन तांब्या तांब्या ढोसतोय.’’

‘‘भूक असंल. दोन दीस झालं, लई खातीया.’’ बजाबाईच्या आवाजात कौतुक होतं. ‘‘आईवर गेलीय. तिला बी असंच पुरायचं न्हाय.’’

तिने दुसरी बाटली फडक्यातून काढली. लाभ, दोन, तीन, चार. वर चिमूट. लंगोट सकाळपासून कोरडाच होता. पण या उन्हात माणसाचा घामसुद्धा वाळतो, तिथे लंगोटाचं काय.

परतीच्या एसटीत आरोही झोपली. बजाबाईला बरं वाटलं. अक्कलकोट मागे पडलं आणि मांडीवरचं लेकरू एकदम ताठ झालं. डोळे वर गेले. उजवा हात झटके देऊ लागला, तोंडातून फेस आला.

‘‘आरोही! ए बाय!’’ बजाबाईची किंकाळी ऐकून कंडक्टर धावत मागे आला. कोणी कांदा हुंगवायला सांगितला, कोणी चप्पल. कंडक्टरने एकदा पोरीकडे पाहिलं आणि ओरडला, ‘‘मास्तर, मधे कुटं थांबू नका! सरळ दवाखाना!’’ चाळीस माणसांची गाडी त्या दिवशी स्टँडवर गेलीच नाही. थेट सोलापूरच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. एकाही प्रवाशाने कुरकूर केली नाही. बजाबाईचा थर्मास आणि पावडरीचा डबा कोणीतरी तिच्या मागे पळत आणून दिला. चुरमुऱ्यांच्या उरलेल्या पोत्याचं काय झालं, ते तिने नंतरही कोणाला विचारलं नाही.

सतीश त्याच रात्री येऊन पोहोचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो औषधं आणायला बाहेर गेला होता. डॉक्टरीणबाई खाटेपाशी येऊन म्हणाल्या, ‘‘आजी, बाळाच्या रक्तात मीठ फार वाढलंय. ते हळूहळूच उतरवावं लागतं, घाई करून चालत नाही. घरी काय काय देत होता?’’

‘‘मीठ? देवाशपथ, बाई, मिठाचा कन दावला न्हाय. निस्तं दूध. डब्याचं.’’

डॉक्टरीणबाईंनी नर्सकडे पाहिलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. नर्सचं नाव धम्मप्रिया. तिशीची, शांत, चालताना पायांचा आवाज न करणारी. तिने स्टूल ओढलं.

‘‘आजी, दूध कसं करता ते मला करून दाखवता का? घरी करता अगदी तसंच.’’

बजाबाईला जरा बरंच वाटलं. इथे आल्यापासून तिला कोणी काही करू दिलं नव्हतं. तिने आधी साबणाने हात धुतले. बाटली कशी उकळते ते सांगितलं, थर्मासचं झाकण कुठे ठेवायचं तेही सांगितलं. पाणी चौथ्या रेघेला आणून बाटली नर्सच्या डोळ्यांसमोर धरली.

‘‘बरोबर,’’ धम्मप्रिया म्हणाली. ‘‘छान करता की.’’

‘‘लाभ,’’ बजाबाई म्हणाली.

पहिला चमचा पडला. मग दुसरा. धम्मप्रियाने तिसऱ्या चमच्याकडे पाहिलं आणि मग ती बजाबाईच्या तोंडाकडे पाहत राहिली. चौथा झाला. वर चिमूट पडली.

‘‘रोज असंच, आजी? पहिल्यापासून?’’

‘‘पयल्यापास्नं. कमी पडतंय व्हय?’’

धम्मप्रियाने डब्यातून एक चमचा भरून घेतला, ट्रेमधली सपाट पट्टी घेतली आणि चमच्याच्या काठावरून सरकवली. वरचा डोंगर डब्यात परत पडला.

‘‘एवढंच घालायचं असतं. काठाबरोबर.’’

‘‘सपाट?’’ बजाबाईला हसूच आलं. ‘‘लेकराला सपाट माप कसं घालू, शिष्टर?’’

‘‘आजी, दूध घट्ट झालं की अंगात मीठ साचतं. ते बाहेर टाकायला अंगातलं पाणी जातं. एवढंसं अंग, त्यात हा उन्हाळा.’’ तिने बजाबाईच्या हातावर हात ठेवला. ‘‘ती रडत होती ना सारखी? तिला भूक नव्हती. ती पाणी मागत होती.’’

बजाबाईच्या हातातली बाटली तशीच राहिली. वॉर्डात दुसरं एक मूल रडत होतं, त्याची आई त्याला थोपटत होती.

‘‘बरी व्हईल का पर?’’

‘‘वाचलीय. पुढचं... झटक्यांनी डोक्याला किती इजा झाली ते आत्ता कोणालाच सांगता येत नाही. उजवी बाजू हलवत नाहीय अजून. वर्षभर बघावं लागेल.’’ मग ती हळूच म्हणाली, ‘‘तुम्ही मुद्दाम नाही केलंत, आजी. मी बाहेर कोणाला काही बोलणार नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.’’

सतीश औषधं घेऊन आला तेव्हा बजाबाई बोलली नाही. संध्याकाळी बोलली नाही, रात्रीही नाही. तो तिच्यासाठी चहा आणायचा, बिस्किटाचा पुडा आणायचा. चहा तसाच गार व्हायचा, पुडा फोडलेला नसायचा. त्याला वाटायचं, नातीच्या काळजीने.

तिसऱ्या दिवशी तो जिन्यात तिच्याशेजारी येऊन बसला. ‘‘मामी, डॉक्टर म्हनल्या उनाचा बी तडाखा हाय. तुमी गाडीतनं तशाच पळत आनली म्हनून जगली. मी ठरवलंय. बरी झाली की तुमच्याजवळच ऱ्हाऊ दे. आईला मी सांगतो.’’

तीन महिने ज्या शब्दांसाठी तिने जीव टाकला होता, ते असे जिन्यात, फिनेलच्या वासात, तिच्या ओटीत येऊन पडले. तिने मान हलवली. मान होकाराची होती की नकाराची, ते सतीशला कळलं नाही आणि तिलाही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी भेटायच्या वेळेला भीमाबाई माढ्याहून आली. आरोहीच्या नाकातली नळी काढली होती. डोळे उघडे होते; पण ती कोणाकडे बघत नव्हती, छताकडेही नव्हती. भीमाबाईने तिच्या तळपायाला हात लावला आणि पदर तोंडात धरला. काही वेळाने डोळे पुसून म्हणाली, ‘‘तुमी तरी काय करनार, इहीणबाई. उनानं मानसं पडाय लागलीत.’’

धम्मप्रियाने आज पहिल्यांदा दूध सुरू करायला सांगितलं होतं. बाटली नको, वाटी-चमच्याने. दोन रेघा पाणी, दोन चमचे पावडर. मापून दिलेलं पाणी ठेवून ती पलीकडच्या खाटेला सुई लावायला गेली.

‘‘सरा जरा,’’ भीमाबाई म्हणाली. ‘‘मला करू द्या. मी बी आजीच हाय की तिची.’’

तिने डब्यात चमचा खुपसला. वर आला तो शिगोशीग भरलेला. वरचे दाणे सांडू नयेत म्हणून तिने खाली दुसरा हात धरला होता.

‘‘लाभ,’’ भीमाबाई म्हणाली.

बजाबाईने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की पावडर चादरीवर सांडली.

‘‘अवो, काय करता?’’

‘‘सपाट करा.’’

‘‘आं?’’

‘‘चमचा सपाट करा, इहीणबाई.’’ बजाबाईचा आवाज बाजारात निघायचा तसा खणखणीत निघाला. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायांनी माना वळवल्या. ‘‘शीग नगं. मी घातली. सांजसकाळ चार चार चमचं शीग लावून घातली, वर चिमूट घातली. त्यानं झालंय हे. उनानं न्हाय. पोर पान्यासाटी रडत हुती आन मी तिला आनकी घट्ट पाजत हुते. शिष्टरनं परवाच सांगितलं मला. मी बोलले न्हाय.’’

भीमाबाई हातातल्या रिकाम्या चमच्याकडे बघत राहिली. ‘‘आमी बी असंच...’’ म्हणत तिने तो वाटीत ठेवला.

सतीश खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याने लोखंडी कडा धरली होती. ‘‘परवा?’’ तो म्हणाला. ‘‘परवापास्नं म्हाईत हाय तुमाला?’’

‘‘व्हय.’’

‘‘काल जिन्यात मी बोललो तवा बी?’’

‘‘तवा बी.’’

धम्मप्रिया परत आली. काय झालं ते तिला कोणाला सांगावं लागलं नाही. तिने पट्टी भीमाबाईच्या हातात दिली आणि चमचा सपाट कसा करायचा ते दाखवलं. भीमाबाईने दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट केला. वाटीतलं दूध ढवळलं. पहिला चमचा आरोहीच्या ओठांशी नेला. अर्धं गालावरून ओघळलं, अर्धं आत गेलं. सगळे तेवढ्या गिळण्याकडे बघत होते.

दहा वाजले, तशी रखवालदाराने दारातून हाक दिली, ‘‘चला, बाहेरचे बाहेर. पासवाले तेवढे थांबा.’’

एका पेशंटमागे एकच पास असायचा. पहिल्या दिवसापासून तो बजाबाईकडे होता, चोळीत जपलेला.

‘‘मामी,’’ सतीश तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘‘पास आईला द्या.’’

बजाबाईने पास काढला. घामाने तो मऊ पडला होता. तिने तो मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केला आणि दोन्ही हातांनी भीमाबाईला दिला. वाकून आरोहीच्या कपाळाला हात लावावा असं तिला वाटलं. पण भीमाबाई पाजत होती. मधे हात घालणं बरं दिसलं नसतं.

ती बाहेर आली. दार लागलं.

‘‘आजी, तुमाला आता चार वाजता,’’ रखवालदार म्हणाला. ‘‘चार ते सहा. रांग हितनं लागती.’’ त्याने भिंतीवर काढलेला पिवळा बाण दाखवला. ‘‘तवर खाली सावलीत बसा जावा.’’

‘‘हितं उभं ऱ्हायलं तर चालतंय न्हवं?’’

‘‘चालतंय की. पर सहा तास हायती.’’

बजाबाईने डोक्यावरचा पदर नीट घेतला आणि ती पिवळ्या बाणापाशी भिंतीला लागून उभी राहिली. रांगेत अजून कोणीच नव्हतं. तरी मागून येणाऱ्यांना जागा हवी म्हणून ती जरा पुढे सरकली.